‘खूप मजा आली’ म्हणजे नेमकं काय झालं?

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मुलांच्या लेखनाविषयीच्या तक्रारीही आमच्याकडे श्रावणात पिकतात. या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत मी मराठी शिकवायची. आता निवृत्तीनंतर दर शनिवारी काही पोरं माझ्या घरी लिहायला येतात. तेवढ्या भांडवलावर ही उत्तरं. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून फक्त गाव किंवा वस्ती दिली आहे.

माझा मुलगा सहावीत, सीबीएसई शाळेत आहे. निबंधाला विषय दिला की तीन ओळींत संपवतो. परवाचा ‘आमची सहल’ असा होता : ‘आम्ही रामटेकला गेलो. खूप मजा आली. मग आम्ही घरी आलो.’ पुढे काही सुचतच नाही म्हणतो. घरात मराठी बोलतो, पण खाली खेळायला उतरला की सगळी हिंदी. त्याला मराठीचा क्लास लावू का?
— एक आई, मनीषनगर

ताई, क्लास लावू नका. क्लासवाले त्याला तीन ओळींच्या तेरा ओळी करून देतील आणि त्या तेराही त्याच्या नसतील.

त्याची समजूत अशी झाली आहे की निबंधात भरायचं सामान निराळं असतं आणि ते गाइडात मिळतं. रामटेकला त्याच्यासोबत जे घडलं ते त्याला निबंधाच्या लायकीचं वाटतच नाही. आमच्या शनिवारच्या पोरांपैकी एकानं अगदी हेच लिहून आणलं होतं : रामटेक, मजा, घर. मी वही मिटून ठेवली आणि विचारलं, मजा आली म्हणजे नेमकं काय झालं?

“माकडं होती.”

गडावर माकडं असतातच. त्यांनी काय केलं?

“चिवड्याचा पुडा पळवला.”

कोणाचा?

“माझाच. मग ते कठड्यावर जाऊन बसलं अन् दातानं पुडा फाडला. आधी शेंगदाणे वेचून वेचून खाल्ले. बाकीचा चिवडा सांडून दिला.”

तू काय केलंस?

“काही नाही, पाहत राहिलो. मी पण शेंगदाणेच आधी खातो.”

तो बोलत होता तेव्हा मी कागदावर उतरवून घेत होते, त्याच्याच शब्दांत. कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, हा घे तुझा निबंध. त्यानं वाचला आणि जरा संशयानंच माझ्याकडे पाहिलं. “पण मॅडम, हे तर मी असंच सांगितलं!”

तुम्ही घरी एवढंच करा. आठवड्यातून एखाद्या रात्री, जेवणं आटोपली की त्याला बोलू द्या आणि तुम्ही लिहा. त्याचे शब्द बदलू नका. ‘बंदर’ म्हणाला तर ‘बंदर’ लिहा. नंतर वाचताना विचारा, आजी याला काय म्हणते? मग तो मजकूर त्यानं आपल्या वहीत उतरवायचा. थोडे आठवडे असे गेले की पहिल्या दोन ओळी तुम्ही लिहायच्या आणि भांडी घासायची आठवण होऊन उठून जायचं. पुढचं तो लिहितो. गोष्ट अर्धी राहिलेली मुलांना सोसत नाही.

विचारताना ‘कसं वाटलं?’ विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान’ हे ठरलेलं आहे. काय दिसलं, कोण काय म्हणालं, वास कशाचा येत होता, मग काय झालं, असं विचारा. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की एक संत्रं त्याला सोलायला द्या आणि त्यावर पाच वाक्यं मागा. ‘संत्रे हे एक रसाळ फळ आहे’ अशी सुरुवात झाली तर साल त्याच्या डोळ्यांपुढे धरून पिळा. नागपूरच्या प्रत्येक पोरानं हा उद्योग दुसऱ्यावर केलेला असतो, त्यामुळे तो तुम्हाला माफ करेल, आणि दुसरं वाक्य नक्की चांगलं येईल.

हिंदीची मात्र फार धास्ती घेऊ नका. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथल्या मैदानांवरची हिंदी आजकालची नाही. २०२०च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांना, बोर्ड कोणतंही असो, मराठी शिकवणं बंधनकारक केलंय. त्यानं वेळापत्रकात तास आला. पण त्या तासाला मुलानं काय बोलायचं, याची शिदोरी घरूनच न्यावी लागते.

माझी नात मराठी शाळेत आठवीला आहे. तिच्या वहींत एका पानावर पंधरा-वीस चुका सांपडतात. ऱ्हस्व-दीर्घाचें नांव नको. मी लाल पेनाने खुणा करून देतो, तर आतां ती वहीच दाखवीत नाही. आमच्या वेळीं अशा चुकांना छडी बसत असे. कांहीं उपाय सुचवावा. (पत्र जसंच्या तसं छापलं आहे.)
— एक आजोबा, धरमपेठ

काकासाहेब, तुमचं अक्षर इतकं सुरेख आहे की पत्र शनिवारच्या पोरांना दाखवलं. त्यांनी लगेच हात वर केले : ‘वहींत’, ‘नांव’, ‘आतां’, ‘कांहीं’ यांवर हे टिंब कशाला? तुमच्या शाळेत तेच बरोबर होतं. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ला आले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. १९७२ला आणखी चार नियमांची भर पडून एकूण अठरा झाले. आजच्या हिशेबानं तुमच्या पत्रावर मलाही लाल खुणा करता आल्या असत्या. केल्या नाहीत, कारण तुम्ही काय म्हणताय ते वाचायचं होतं.

नातीच्या वहीलाही आधी एवढा मान द्या. तिनं काय लिहिलंय ते वाचा आणि पानाखाली पत्रासारखी एक ओळ लिहा. ‘तुझ्या मैत्रिणीनं सायकल परत केली की नाही?’ एवढं पुरे. वही पुन्हा तुमच्यापुढे येईल.

मग एका वेळी एकच नियम धरा. पहिला हा : मराठी शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार दीर्घ. पाटी, वही, चाकू, लाडू. ‘आणि’ आणि ‘नि’ हे अपवाद. एवढं अंगवळणी पडलं तरी पान बरंच निवळतं. त्यानंतरचा नियम मुलांना आवडतो, कारण तो कानांना कळतो : फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, वीट पण विटा, गरीब पण गरिबाला. मोठ्यानं म्हणायला लावा. प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ आखडतो, हे ती स्वतःच सांगेल. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. ते पुढच्या वर्षी पाहा.

आणि लाल पेन कपाटात ठेवा. ज्या ओळीत चूक असेल त्या ओळीसमोर समासात शिसपेन्सिलीनं एक ठिपका द्या. चूक कुठली, ते तिनं शोधायचं. तुम्ही दाखवलेली चूक तिला आठवत नाही, तिनं हुडकलेली राहते. छडीचं म्हणाल, तर छडी खाल्लेले कितीतरी लोक आज ‘आणि’ला दुसरी वेलांटी देताना मी रोज पाहते.

काटोल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवतो. मुलं बोलतात तसंच लिहितात. ‘मले’, ‘तुले’, ‘डोया’, ‘बाबा वावरात जाऊन राहिले’. वरिष्ठ तपासणीला आले की वह्या पाहून मलाच बोल लावतात. आणि दुरुस्त करत बसलो की मुलं लिहायचंच सोडून देतात. नेमकं काय करावं?
— एक शिक्षक

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘डोया’ लिहिणारं मूल लेखनात कच्चं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा थांबून पाहावं. त्याच्या घरी ‘ळ’चा ‘य’ होतो. त्यानं कानानं ऐकलेला आवाज बरोबर ओळखला आणि त्याच आवाजाचं अक्षर बरोबर काढलं. चौथीतल्या पोराचं निम्मं काम इथेच झालं. उरलेलं काम पुस्तकातलं रूप त्याच्या ओळखीचं करून देण्याचं आहे.

फळ्यावर दोन रकाने पाडा. एकावर लिहा ‘घरी’, दुसऱ्यावर ‘पुस्तकात’. मले–मला. डोया–डोळा. काऊन–का. जाऊन राहिले–जात आहेत. शब्द मुलांनीच पुरवायचे. पुरवतात, थांबत नाहीत. ‘चूक’ आणि ‘बरोबर’ हे मथळे चुकूनही देऊ नका. चूक म्हटलं की मूल तो शब्द सोडत नाही, बोलणं सोडतं.

मग गोष्ट लिहिताना एक करार करा. माणूस बोलतो तेव्हा अवतरणचिन्ह येतं. चिन्हाच्या आत घरची भाषा, बाहेर पुस्तकातली. आजी म्हणाली, “पोट्ट्या, उन्हात काऊन हिंडून राहिला?” आणि तिने मला ओढून सावलीत बसवले. आता आतलं वाक्य सुधारून पाहा : “बाळा, उन्हात का हिंडतो आहेस?” ही आजी पुण्याला राहायला गेली! मुलांना हे बरोबर कळतं. आणि अवतरणचिन्हं जी एरवी कोणी देत नाही, ती आपोआप पडायला लागतात, कारण आता त्यांना काम आहे.

तपासणीसाठी प्रत्येकाचे दोन कागद ठेवा, खर्डा आणि त्यावरून सुधारलेली प्रत. दोन्ही एकत्र टाचलेले. वरिष्ठांना मूल कुठून कुठे आलं ते दिसेल. तरीही बोलले, तर त्यांना रिद्धपूरची आठवण द्या. मराठीतलं जुन्यात जुनं मोठं गद्य आपल्या याच मुलखात, अमरावती जिल्ह्यातल्या त्या गावी तेराव्या शतकात आकाराला आलं. ते ‘लीळाचरित्र’. म्हाइंभटांनी ते घरात बसून रचलं नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे ते जात राहिले, आठवणी विचारत राहिले, आणि स्वामी जसे बोलले तसं उतरवण्याची त्यांनी धडपड केली. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे.

हाच उद्योग तुमच्या चौथीला द्या, पोळा तोंडावर आहेच. प्रत्येकानं घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की तुमच्या लहानपणी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लाकडी नंदींच्या मुलांच्या पोळ्याला, काय व्हायचं, आणि त्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य जसंच्या तसं आणायचं. लाकडी नंदी कोणी केला होता, बोजाऱ्यात, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या मुलांना देतात त्या भेटीत, काय मिळायचं, यावर चाळीस घरांतून चाळीस वाक्यं येतात. भिंतीवर लावा. वाचायला आख्खं गाव येईल.

दुसऱ्या दिवशीसाठी आणखी एक. आमच्या नागपुरात पोळ्याच्या पाडव्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाला घेऊन जाणाऱ्या बायांचे पुतळे, मिरवत निघतात, सोबत बडगे, तेही पुतळेच. बडग्याच्या गळ्यात पाटी असते, आणि त्या वर्षी ज्याचा राग आलाय त्याचं नाव त्या पाटीवर. महागाई, खड्डे, पुढारी, कोणी सुटत नाही. शाळेत होते तेव्हा मी मुलांना कोरे पुठ्ठे द्यायची आणि म्हणायची, ‘घेऊन जा गे मारबत’च्या आधी काय ते तुम्ही लिहा. एका वाक्यात, लांबून वाचता आलं पाहिजे. ‘गणिताचा पेपर’ तर दरवर्षी असायचाच. एका पोरानं ‘आमच्या नळाची फूसफूस’ लिहिलं होतं. पाणी येण्याआधी नुसती हवा येते ती. मोठमोठ्या जाहिरातवाल्यांना हा शब्द सुचला नसता. आणि एका मुलीनं लिहिलं होतं, ‘बाबाची बाटली घेऊन जा गे मारबत’. तिच्या पुठ्ठ्यावर मी वेलांट्या तपासल्या नाहीत. घरी जाऊन तिच्या आईशी बोलले.

दहावीला आहे. ट्यूशनच्या सरांनी वीस निबंध पाठ करायला दिलेत. पाठ केलेला निबंध लिहिला तर मार्क कापतात का?
— विद्यार्थिनी, हुडकेश्वर रोड

बेटा, कापत नाहीत. देतही नाहीत. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात ‘आई म्हणजे वात्सल्याचा अथांग सागर’ पाचव्यांदा आला की परीक्षकाचा हात आपोआप मधल्या मार्कांवर जातो. मी ते गठ्ठे तपासले आहेत.

कुमारभारतीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यांतून एक निवडता येतं. तुझ्यासारखीनं पहिल्या दोहोंतलं घ्यावं; वैचारिकात पाठांतर लगेच उघडं पडतं. छत्रीचं आत्मकथन आलं तर ‘मी एक छत्री बोलतेय’नं सुरू करू नकोस, छत्रीला काय माहीत असेल ते आधी ठरव. नागपूरची छत्री आठ महिने खुंटीला असते. तिनं पावसापेक्षा कूलरचा आवाजच जास्त ऐकलेला. इथून सुरू केलंस तर परीक्षक मान वर करेल.

पत्र आता ई-मेलच्या धाटणीचं आहे, दिनांकापासून सगळं डावीकडे. त्याचे मार्क नुसत्या सवयीचे आहेत, सोडू नकोस. बातमीला शीर्षक, मग गाव आणि तारीख, आणि पहिल्याच वाक्यात काय, कुठे, कधी. बातमीत ‘मला वाटते’ नको. वीस निबंधांचा वेळ वाचला, तो व्याकरणाला दे.

मुलगी सातवीत आहे. मोबाइलमधल्या एआयला विषय सांगते आणि दोन मिनिटांत निबंध तयार. शाळेत ‘उत्तम’ शेराही मिळाला. थांबवू कसं? आणि वाचायला काय देऊ?
— एक वडील, कामठी

भाऊ, मोबाइल काढून घेऊन उपयोग नाही, उद्या मैत्रिणीचा घेईल. विषय बदला. ‘वृक्षांचे महत्त्व’ मोबाइलला तुमच्या मुलीपेक्षा चांगलं येतं. ‘आज डब्यात काय उरलं आणि का’, ‘आपल्या गल्लीतलं कोणतं कुत्रं कोणावर भुंकतं’ हे त्याला कुठून येणार? तो तुमच्या गल्लीत राहत नाही. शाळेच्या बाईंनाही हे सांगून पाहा, पण जरा गोडीनं. ‘उत्तम’ त्यांनीच दिलाय.

वाचायला बालभारतीचं ‘किशोर’ द्या. १९७१पासून निघतं. जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, म्हणजे मोबाइल हातात ठेवूनच वाचता येतील. मुलांनी लिहिलेलंही त्यात छापतात, ते तिला आधी दाखवा.

वर्गात साठ मुली. आठवड्याला एक लेखन दिलं तरी साठ वह्या. तपासून तपासून मान धरते, आणि मुली शेरा पाहून वही मिटतात, आत काय लिहिलंय ते बघतही नाहीत. तुम्ही कसं करत होता?
— एक शिक्षिका, नंदनवन

मॅडम, सगळ्या वह्या तपासूच नका. मुलींना एकमेकींचं लेखन वापरायला लावा. वाचायला म्हटलेलं नाही, वापरायला.

आठवीला मी एकदा एप्रिलमध्ये विषय दिला : कूलरमध्ये पाणी कसं भरायचं, ज्यानं कधी भरलं नाही अशा माणसाला लिहून सांगा. नागपुरात हे काम घराघरांत मुलांकडेच असतं, त्यामुळे सगळ्यांनी भराभर लिहिलं. मग एकीची वही दुसरीकडे दिली आणि टेबलापाशी खोका, नळी, बादली ठेवून सांगितलं, कागदावर आहे तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही. पहिल्या वहीत होतं, ‘नळी लावा आणि पाणी सोडा.’ वाचणारीनं नळी नळाला लावली, दुसरं टोक जमिनीवरच, आणि पाणी सोडल्याचं नाटक केलं. वर्ग खदखदून हसला. दुसरीच्या वहीत सगळं क्रमानं होतं : जाळी काढा, नळी टाकीत सोडा, खुणेपर्यंत पाणी भरा, वाळ्यावर पाणी चढतंय का बघा. वाचणारीनं हात खोक्यात घातला मात्र, मागच्या बाकावरून तीन-चार जणी ओरडल्या, “अगं बटण! आधी बटण बंद कर ना!” उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आमच्याकडे सगळ्यांनी वाचलेल्या असतात. जिची वही होती ती जागेवरून उठली, वही ओढून घेतली आणि सगळ्यात वर ओळ घातली : ‘आधी बटण बंद करा आणि प्लग काढा.’ मग खाली बघून पुढचे दोन क्रमही बदलले. मी सांगितलं नव्हतं. साठ शेऱ्यांनी जे होत नाही ते त्या एका आरडाओरड्यानं झालं.

असे विषय घ्या की ज्यावर दुसऱ्याला काही करावं लागेल. शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता, मैत्रिणीनं फक्त कागद बघून जायचं. आजीची पातोड्याची भाजी, दुसरीनं घरी करून बघायची आणि काय बिघडलं ते लिहून आणायचं. लिहिणारीला पुन्हा लिहायचं कारण मिळतं.

तपासणीपुरतं सांगते. दर आठवड्याला आठ वह्या घरी न्या, पण त्या नीट वाचा, प्रत्येकीत आवडलेल्या एका वाक्याखाली रेघ ओढा आणि एक खरा प्रश्न विचारा. पुढल्या आठवड्याला पुढच्या आठ. उरलेल्या बावन्न वह्यांवर सही आणि तारीख. पालक विचारायला आले, तर त्यांना हा अंक दाखवा.